डाव्या गालाची फळी

न्हाव्याकडचा डावखुरा चहा निवायच्या आत परत गेला. त्याच्या आधी बँकेतला कारकून येऊन गेला होता, त्याच्या आधी बॅडमिंटन शिकवणारी एक मुलगी, आणि तिच्याही आधी एक शिंपी, जो मुळात डावखुरा नव्हताच. उजव्या हाताचं बोट चिरलं म्हणून चार दिवस डाव्या हाताने कात्री धरत होता, एवढंच. सगळ्यांना मीच शोधून आणलं होतं. दुकानोदुकानी जाऊन "तुमच्याकडे कोणी डावखुरं आहे का हो?" असं विचारताना लोक माझ्याकडे कसे बघायचे, ते माझं मलाच ठाऊक.

न्हाव्याकडच्या माणसाचा हात स्थिर होता. रोज लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवतो, हात स्थिर नसून सांगतो कुणाला. दादाने त्याला पटाशी दिली, लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर एक वळण काढायला लावलं, डोळे बारीक करून ते पाहिलं आणि निकाल दिला, "हात डावा आहे, पण डोकं उजवं आहे."

माणूस बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी तरी काय सांगणार? त्याला दारापर्यंत सोडून आले आणि दादापुढे उभी राहिले.

"डोकं उजवं म्हणजे काय रे दादा?"

"तुला नाही कळायचं."

हे वाक्य मी या पत्र्याच्या शेडमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे की एखाद्या दिवशी ऐकलं नाही तर दादाला बरं नाही की काय असं मला वाटतं.

आता हा डावखुऱ्यांचा काय प्रकार आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमचं घर वेड्यांचं आहे. आहेच, पण त्याला कारण आहे. आम्ही होड्यांचे गाल कोरतो. होडीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन जाड फळ्या असतात, त्यांना आम्ही गाल म्हणतो. नांगराचा दोर त्यांच्यावरून घासत खाली जातो, म्हणून त्या दणकट लागतात. आणि होडी धक्क्याला येताना सगळ्यात आधी त्याच दिसतात, म्हणून देखण्या लागतात. त्यांच्यावर खालून वर येणारी एक लाट असते, लाटेची पुढे वेल होते आणि नाकापाशी तिला मिटलेली कळी येते. दोन्ही गाल आरशात बघितल्यासारखे एकमेकांचे जोडीदार हवेत. त्यासाठी एकच ओंडका मधोमध उभा चिरतात आणि पुस्तकासारखा उघडतात. एका फळीवर लाकडाच्या रेषा डावीकडे झुकतात, दुसरीवर उजवीकडे.

गोम इथेच आहे. हे काम पटाशी ठोकून होत नाही, हाताने ढकलून होतं, आणि ढकलायची ती रेषांच्या कलाने. उजव्या गालावर उजवा हात सरळ चालतो. डाव्या गालावर तोच हात रेषांच्या विरुद्ध जातो आणि लाकूड उसवतं. तुम्ही म्हणाल, उलटं उभं राहून जमत नाही का? जमतं. आमच्या आजोबांनी एकदा केलं होतं. एकटी पाहिली तर फळी बरी दिसायची, पण जोडीला लावली की होडीचा एक गाल हसरा आणि दुसरा दाढ दुखत असल्यासारखा. म्हणून आमच्याकडे बाकाच्या एका अंगाला उजवा माणूस बसतो, दुसऱ्या अंगाला डावा, आणि दोघं एकाच वेळी कोरतात, कारण एक फळी आधी आणि दुसरी मागाहून कोरली तर दोन्ही वेगवेगळ्या वाळतात. बाकीच्या जगात डावखुऱ्या पोराच्या हातावर फटके मारून त्याला सरळ करतात. आमच्या घरात डावखुरं पोर जन्माला यावं म्हणून माणसं देव पाण्यात घालून बसायची.

दादा डावा. धाकटा उजवा. बाबा गेल्यावर गाल त्या दोघांनीच केले.

आणि मी डावखुरी आहे.

यात काही गुपित नाही. मी डाव्या हाताने भाजी चिरते, डाव्या हाताने सही करते आणि कळायला लागल्यापासून या शेडच्या मागच्या दाराशी बसून डाव्या हाताने दोन्ही भावांच्या पटाश्यांना धार लावते. धक्क्यावर मला सगळे धारवालीच म्हणतात. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले, तरी सकाळ झाली की पाय इकडेच वळतात. लहानपणी एकदा मी बाबांना विचारलं होतं, "मी कोरू?" ते म्हणाले, "मुलींनी धार लावावी." मोठेपणी दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुला नाही कळायचं." म्हणजे घरात एक आयती डावखुरी बसली आहे, आणि तिलाच पायाला भिंगरी लावून गावभर डावखुरे शोधायला पाठवतात. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी पटाश्या घासल्या.

शोध सुरू झाला तो होडीवालीच्या ओंडक्यामुळे. ही बाई आमच्या धक्क्यावरची जुनी गिऱ्हाईक, स्वतःची होडी स्वतः चालवते आणि आवाज असा की समोरच्या काठावरून हाक मारली तर इकडे दुकानदार उठून उभा राहतो. तिच्या आईने दारात लावलेलं झाड वादळात पडलं. तिने नवी होडी बांधायला घेतली होती, तिला वाटलं, गाल या झाडाचेच करावेत. गालांना पुरेल असा एकच ओंडका त्यात निघाला. तो चिरून, उघडून, ओल्या गोणपाटाखाली झाकून तिने आमच्या बाकावर आणून ठेवला.

"तुमच्या बाबांनी माझ्या आईच्या होडीला गाल केले होते," ती म्हणाली. "मला तस्सेच हवेत. आणि लवकर हवेत, हे लाकूड थांबायचं नाही."

खरंच थांबणारं नव्हतं. गोणपाट किती दिवस ओलं ठेवणार? आज ना उद्या टोकाला तडा जाणार, आणि एका फळीला तडा गेला की दुसरी कितीही चांगली असो, कामाची नाही.

आणि दादाच्या डाव्या मनगटाने गेल्या वर्षीपासून राम म्हटलेला. चहाचा कप धरला तरी बशीत खडखड वाजायचा. डॉक्टर म्हणाले, पटाशी बंद. दादा डॉक्टरांना म्हणाला की तुम्हाला नाही कळायचं.

"अरे, मग कोरणार कोण?" मी विचारलं.

"डावखुरा बघ कोणीतरी. शिकवतो मी."

"लाकूड वाळायच्या आत शिकवणार?"

"आणि तोवर मी सराव करतोय. पहाटे, तुम्ही यायच्या आधी. मनगट सुधारतंय माझं."

सुधारत असेल, असं मलाही वाटलं, कारण रोज सकाळी आले की दगडापाशी त्याच्या पटाश्या पडलेल्या असायच्या, धार पार गेलेल्या. मी निमूटपणे लावायची. धार लागली का ते बघायला प्रत्येक पटाशीने टाकाऊ तुकड्यावर एक वळण काढावं लागतं. मी गालावरचंच काढते, लाटेतून वेल निघते तिथलं, कारण धारेची खरी परीक्षा तिथेच होते. तुकडा मग सरसाच्या शेगडीत जातो. नंतर दादा येतो, धारेवरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "पुन्हा लाव." धार कशीही असो. मी एकदा त्याला आदल्या दिवशी त्यानेच पसंत केलेली पटाशी परत दाखवली होती. "पुन्हा लाव."

धाकट्याची आणखी वेगळी तऱ्हा. त्याला भांडण आवडत नाही, म्हणून तो कुणाचीच बाजू घेत नाही आणि दोन्हीकडून शिव्या खातो. एक दिवस तो फर्निचरच्या कारखान्यातून एक नमुना घेऊन आला. त्याने पूर्वी कोरलेल्या उजव्या गालाचा फोटो मशीनला दिला होता, मशीनने तो उलटा करून डावा कोरून दिला.

"ताई, बघ तरी," तो हळूच म्हणाला.

मी बघितला, आणि सगळ्यात जास्त राग मला याचा आला की नमुना चांगला होता. कळी नीट मिटलेली, लाट नीट वळलेली. मी उलटसुलट करून खोड शोधली, सापडेना.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"त्यांना सपाट फळी लागते. आपली गालाची फळी वाकडी. सपाट करायची तर निम्मं लाकूड तासावं लागेल, मग रेषा जुळत नाहीत."

"हे तुला आधी माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. पण म्हटलं काहीतरी करावं."

दादाने नमुना हातात घेतला, लांब धरून पाहिला. "छान आहे," तो म्हणाला. "घराच्या दारावर लावा." आणि तोंडावर बसू पाहणारी माशी त्याने फाडकन मारली. मला वाटलं, चला, आज निदान माशीला तरी कळलं.

तेवढ्यात होडीवाली आली, गोणपाट उचललं, फळ्यांच्या टोकांवर बोट फिरवलं.

"इथे केसाएवढी चीर पडायला लागलीय," ती म्हणाली. "तुमच्याच्यानं होणार नसेल तर सरळ सांगा. मी सुताराकडून साध्या फळ्या बसवून घेते. ही मग घरात पडू देत."

"होणार आहे," दादा म्हणाला.

"कोण करणार आहे?"

दादाने गोणपाट परत फळ्यांवर ओढलं. ती माझ्याकडे वळली, माझ्या हातातल्या पटाशीकडे तिने एकदा पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शहाणी बाई. दुसऱ्याच्या घरात किती बोलावं ते तिला कळतं. "परवा येते," एवढंच म्हणाली.

ती गेल्यावर मी माझ्या जागी बसले. डोकं तापलेलं होतं. दादाची सकाळची पटाशी दगडावर ठेवली आणि पुन्हा उचलली. तिच्या धारेकडे मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. रागात असले की मला बारीकसारीक फार दिसतं, हे माझा नवराही सांगेल.

लाकडाने धार जाते ती मधून जाते. हळूहळू, गोलसर, आणि जिथे गेली तिथे पातं चकाकतं. या धारेचा एक कोपरा फुटलेला होता आणि पात्यावर आडव्या ओरखड्यांची जाळी होती. लाकूड असं कधी करत नाही. मी उठले, मागच्या दाराबाहेर गेले. तिथली दगडी पायरी आमच्या आजोबांच्या वेळची, गुळगुळीत झालेली. तिच्या कडेवर पांढऱ्या रेघाच रेघा होत्या.

मी तिथेच उभी राहिले. म्हणजे हा पहाटे येत होता, सराव वगैरे काही करत नव्हता, माझ्या चांगल्या लावलेल्या पटाश्या पायरीवर घासून बोथट करत होता आणि दगडापाशी ठेवून जात होता. आणि मी रोज जीव तोडून त्या पुन्हा घासत होते! आणि वर ऐकून घेत होते, "पुन्हा लाव"!

आत आले तेव्हा वहिनी चहा घेऊन आली होती. दादा स्टुलावर, धाकटा बाकापाशी. मी पटाशी दादाच्या नाकासमोर धरली.

"ही कशावर घासलीस?"

"लाकडावर."

"कुठल्या लाकडावर?"

"असल्या तसल्या. तुला काय करायचंय?"

"दादा, मी सगळा जन्म धार लावण्यात घालवला. माझ्याशी खोटं बोलायचं तर दुसऱ्या कशाबद्दल तरी बोल. पायरीवर घासलीस तू. रोज घासतोस. तू पहाटे एक ढलपीसुद्धा काढलेली नाहीस!"

धाकटा म्हणाला, "ताई, जाऊ दे ना."

"तू गप्प बस. तू मशीन आण."

दादा ताडकन उठला. त्याच्या कोपराचा धक्का लागून स्टुलाच्या कडेला ठेवलेला चहाचा कप उडाला, आणि दादाने तो हवेतल्या हवेत पकडला. एक थेंब सांडला नाही. हात कापला नाही.

उजव्या हाताने.

मी कपाकडे बघत राहिले. मग मला माशी आठवली. मग लहानपणी जिन्यावरून घसरले तेव्हा माझी वेणी धरून मला वर ओढणारा हात आठवला. मग त्या शिंप्याला दादाने हाकलून दिलं नव्हतं ते आठवलं. उलट त्याला जवळ बसवून, बोट बरं होईपर्यंत जप आणि बरं झालं की लगेच उजवा हात वापरायला लाग, असं दोनदोनदा बजावलं होतं. बाकावर ठोकायची लाकडी मोगरी पडली होती. मी ती उचलली आणि काही न सांगता दादाकडे भिरकावली.

त्याने ती धरली. कप पटकन डाव्या हातात गेला, मोगरी उजव्या.

"दादा," मी म्हणाले, "तू डावा नाहीसच."

वहिनी म्हणाली, "नाहीतच ते."

"तुला माहीत होतं?"

"लग्न झाल्यावर आठवड्यात कळलं. झोपेत पांघरूण कुठल्या हातानं ओढतात ते बघितलं ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

या घरात माणसांनी राहावं कसं, तुम्हीच सांगा.

दादा परत स्टुलावर बसला. कप खाली ठेवला, मोगरी मांडीवर घेतली. बोलला तेव्हा आवाज एवढासा झाला होता, त्याचा वाटेना.

"मी लहान होतो. उजव्या अंगठ्यात लाकडाची मोठी कूस गेली होती, सुजला होता. म्हणून डाव्या हातानं जेवत होतो. बाबा कामावरून आले, त्यांनी बघितलं, आणि मला उचलून घेऊन शेडभर नाचले. डावा झाला म्हणाले. सगळ्या धक्क्यावर सांगून आले. चार दिवसांनी अंगठा बरा झाला, मी उजव्या हातानं जेवायला बसलो, तर त्यांचा चेहरा..." त्याने मांडीवरची मोगरी फिरवली. "त्यांना वाटलं मी नखरे करतोय. बाकावर बसवायचे तेव्हा उजवा हात कमरेच्या पट्ट्याला बांधायचे. मी पण बोललो नाही. एवढे खूश झाले होते ते, कसं सांगायचं?"

"अरे पण..."

"थांब. विचारलंस ना, आता ऐक." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू एवढीशी होतीस. या फरशीवर बसून कोळशानं रेघोट्या मारत होतीस. डाव्या हातानं. आम्हाला बघून बघून ते वळण काढलंस तू, लाटेतून वेल निघते ते. मला तेव्हा दोन वर्षं झाली होती शिकायला, मला ते येत नव्हतं. तू एका झटक्यात काढलंस आणि पुढे मांजराच्या मागे पळून गेलीस. बाबांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि चपलेनं ते पुसून टाकलं."

मला वाटलं होतं की मी डावखुरी आहे हे बाबांनी कधी मनावरच घेतलं नाही. मुलगी म्हणून विसरले असतील, एवढंच मी धरून चालले होते, आणि त्याचीही सवय करून घेतली होती. त्यांनी बघितलं होतं. मला नीट माहीत असलेल्या त्या चपलेने त्यांनी ते पुसलं होतं. मला बाबांचा राग आला, दादाचा आला, आणि इतकी वर्षं दगडाशी वाकून दुखणाऱ्या माझ्या पाठीचासुद्धा आला.

"आणि तू मला एका शब्दानं बोलला नाहीस," मी म्हणाले. "बाबा गेल्यावरसुद्धा."

"तू डावा गाल कोरलास तर मग मी काय केलं आयुष्यभर?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दादाच्या डोळ्यांत मी बाबा गेले तेव्हाही पाणी पाहिलं नव्हतं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या. दोन्ही केलं नाही.

"गाल कोरलेस," मी म्हणाले. "धक्क्यावरच्या सगळ्या होड्यांना तू डावे गाल दिलेस. आणखी काय करायला हवं होतं?"

"चांगले नव्हते. याचा उजवा नेहमी सरस असायचा." त्याने मोगरीने धाकट्याकडे खूण केली.

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण त्याच्या पटाश्यांना धार मी लावत आले आहे; कुठल्या वळणावर तो अडखळतो ते मला पात्यावरून कळतं.

"हो, असायचा," मी म्हणाले. "पण बांधलेल्या हातानं तू जे केलंस ते याला सुट्या दोन्ही हातांनी जमलं नसतं."

"नसतंच," धाकटा लगेच म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने बाजू घेतली, तीही स्वतःच्या विरुद्ध.

मी पदर खोचला, बाकापाशी गेले आणि डाव्या फळीवरचं गोणपाट काढलं.

"कोरली नाहीस तू कधी," दादा म्हणाला. "एकच ओंडका आहे. बिघडला तर तिच्या आईचं झाड गेलं."

"कोरली नाही?" हे वहिनी म्हणाली. "शेगडीत घालायला हिचे तुकडे येतात ना, त्यातल्या प्रत्येकावर तेच वळण असतं. जाळताना जिवावर येतं माझ्या. वाकून बघितलंत कधी शेगडीत?"

दादाने वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणायला त्याच्याकडे एकच वाक्य होतं आणि तेही आज कामाचं नव्हतं.

धाकटा समोर येऊन बसला. त्याने उजव्या फळीवर पटाशी टेकवली आणि थांबला. "ताई, तू कर सुरू. मी तुझ्यामागे येतो."

"मागे नाही. बरोबर."

बाकाच्या डाव्या अंगाला दादाच्या आणि त्याच्याही आधीच्या माणसांच्या बसण्याने खोलगट जागा झाली होती. मी त्यात बसले. मला ती जरा मोठीच पडत होती. पटाशी फळीवर टेकवली. होडीवालीची आई मी पाहिली होती. तिने त्या झाडाला पाणी घालतानाही पाहिलं होतं. मी हात ढकलला. लाकूड उघडलं. उसवलं नाही, अडलं नाही. पातळ लांब ढलपी वर आली, वळली आणि माझ्या मनगटावर पडली. समोरून धाकट्याच्या पटाशीचा तसाच आवाज येत होता. आम्ही दोघंही मान वर न करता लाटेच्या पायथ्यापासून चढत गेलो.

दादा किती वेळ मागे उभा होता, मला माहीत नाही. एकदा त्याचा श्वास मानेवर लागला. एकदा तो म्हणाला, "तिथे सांभाळ," आणि मी म्हणाले, "माहितीय." मग तो तिथून गेला. मला वाटलं, घरी गेला असेल. जाऊ दे, आजच्या दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

लाटेची वेल होते तिथे पोचलो तेव्हा माझ्या पटाशीची धार गेली. समोर धाकट्याचीही गेली असणार, तो थांबला. सवयीने मी उठून दगडाकडे निघाले आणि तशीच उभी राहिले.

माझ्या पाटावर दादा बसला होता. गुडघे छातीशी, पाण्याची बादली शेजारी, बाही भिजलेली. डावा हात मांडीवर गप्प पडला होता. उजव्या हातात पटाशी होती आणि तो ती दगडावर घासत होता, नवख्या माणसासारखी, खांद्यापासून जोर लावत, जीभ दातांत धरून. आजूबाजूला पाण्याचं थारोळं झालं होतं. मला बघून त्याने पटाशी फडक्याने पुसली आणि पुढे केली.

मी ती घेतली. धारेवरून अंगठा फिरवला. इतकी वाईट धार मी आयुष्यात पाहिली नव्हती. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला नाहीच, आणि मधे कपच्या. लोणीसुद्धा कापलं नसतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. धाकटा बाकापाशी मांडीवर पटाशी ठेवून बसला होता, आणि वहिनी रिकामा कप हातात घेऊन दारातच थांबली होती. बाबांनी मला कधी चांगलं म्हटलं नाही आणि दादाने तर नाहीच नाही. मनात आलं, निदान मी तरी म्हणावं.

पण समोर लाकूड एकच होतं.

"पुन्हा लाव," मी म्हणाले.

दादाने माझ्या हातातून पटाशी परत घेतली, दगडावर पाणी शिंपडलं आणि उजव्या हाताने पुन्हा घासायला लागला.